वीस दिवे

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, डेझर्ट लँटर्न अकॅडमीच्या सामानाच्या खोलीत पाचवीतली इत्झेल बोहोर्केस पकडली गेली. तिच्या स्वेटरच्या डाव्या बाहीत चीज बिस्किटांची चार पाकिटं होती. शाळेचे संचालक गॅरेट लिंडक्विस्ट प्रिंटरचे कागद घ्यायला आले, त्यांनी लाइटचं बटण दाबलं, आणि ती समोर उभी होती. वाळवंटातल्या टुसॉन शहरात त्या दिवशी स्वेटर घालावा असं हवामान नव्हतं.

“बाहीत काय आहे?” लिंडक्विस्टनी विचारलं.

तिने पाकिटं काढून त्यांच्या हातात दिली. पळाली नाही, रडली नाही.

“ही तुझी नाहीत, माहीत आहे ना?”

“मी दिवे ठेवलेत, सर.”

हे उलट उत्तर आहे असं समजून लिंडक्विस्टनी तिला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं आणि तिच्या आईला निरोप पाठवला. शाळेच्या नियमावलीत चोरीला एकच शिक्षा आहे. शाळेतून नाव काढावं अशी शिफारस संचालक करतात आणि मंडळ त्यावर मत देतं. मंडळाची महिन्याची बैठक त्याच संध्याकाळी सहाला होती. तिच्यात आधीपासून एक विषय ठरलेला होता. गरीब घरच्या मुलांना शाळेने दुपारचं जेवण फुकट द्यावं की नाही.

डेझर्ट लँटर्न ही चार्टर शाळा आहे. पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा. फी नाही, प्रवेश सोडतीने. ती भरते त्या इमारतीत पूर्वी गाद्यांचं दुकान होतं; एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याची यंत्रं. दुकानाला स्वयंपाकघर लागत नाही, म्हणून शाळेलाही नाही. मुलं आपल्या बाकावरच डबा खातात. प्रवेशाच्या वेळी पालक मान्य करतात की डबा घरून येईल. ज्याचा डबा आला नाही त्याच्या घरी फोन जातो.

आणि दिवे. शाळेचं नाव कंदिलावरून, म्हणून चांगल्या वागण्याला मिळणाऱ्या गुणांना तिथे दिवे म्हणतात. नाण्याएवढी पिवळी प्लास्टिकची चकती, तिच्यावर कंदील कोरलेला. ताठ बसलं, हात जुळवून ठेवले, शिक्षिकेकडे नजर ठेवली, तर तासाच्या शेवटी एक दिवा. बोललं, डोकं बाकावर टेकलं, तासाला मध्येच बाहेर गेलं, तर एक परत द्यायचा. रोज साडेदहाला एक चाकांची गाडी वर्गावर्गातून फिरते. तिच्यावर खोडरबर, चिकटचित्रं, किल्ल्यांच्या साखळ्या, आणि सप्टेंबरच्या अखेरपर्यंत चीज बिस्किटं नि बेदाण्यांचे खोके. जे हवं ते दिवे देऊन घ्यायचं.

गाडीचा माल मागवायचं काम पाचवीच्या शिक्षिका इव्हेट एन्सिनास यांच्याकडे होतं. त्या याच भागात, चार गल्ल्या पलीकडे वाढलेल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी निवडुंगाच्या आकाराची खोडरबरं हौसेने मागवली होती. ती अजून जवळपास सगळी पडून होती. बिस्किटं मात्र दर आठवड्याला नव्याने मागवावी लागत. मुलांना बिस्किटं आवडतात, असं एन्सिनासनी धरून चाललं होतं.

मग एका आईने तक्रार केली की शाळा बक्षीस म्हणून मीठ आणि मैदा वाटते. तक्रार रास्त होती. लिंडक्विस्टनी पत्रक काढलं: एक ऑक्टोबरपासून गाडीवर फक्त अभ्यासाच्या वस्तू. उरलेली बिस्किटं सामानाच्या खोलीत गेली. महिनाअखेरीस पालकांसाठी शाळा उघडी ठेवायची संध्याकाळ होती, तेव्हा पाहुण्यांपुढे ठेवायला ती उपयोगी पडणार होती.

वर्गाला मधली सुट्टी झाल्यावर एन्सिनास बाकावर इत्झेलशेजारी येऊन बसल्या.

“काय गं हे?”

“मिस, मी दिवे ठेवले.”

“कुठे?”

“बिस्किटांच्या खोक्यात. एका पाकिटाला पाच. चार घेतली, वीस ठेवले. तुम्ही बघा.”

“पण गाडीवर आता बिस्किटं नसतात. सोमवारी सांगितलं होतं ना वर्गात?”

“गाडीवर नाहीत, मिस. खोलीत आहेत.”

एन्सिनासनी विचारलं, “आणि वीस दिवे तुझ्याकडे जमले कसे? चौथ्या महिन्यातसुद्धा पोरांकडे इतके नसतात.”

“मी बोलत नाही,” इत्झेल म्हणाली. “म्हणून.”

ते खरं होतं. दोन महिन्यांत इत्झेलने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. आजचा दिवस सोडला तर तासाला मध्येच बाहेर गेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मात्र संडासाकडे पळत जायची. एन्सिनासनी तिच्या प्रगतीपत्रावर ‘वागणूक आदर्श’ असं लिहिलं होतं.

“डबा नाही आणलास आज?”

“आणलाय.”

“दाखव.”

“आबेलच्या दप्तरात आहे.”

आबेल तिचा धाकटा भाऊ, पहिलीत. त्यांची आई रोसाउरा डोंगराकडच्या एका हॉटेलात चादरी धुते. उन्हाळ्यात टुसॉनला पाहुणे नसतात, हॉटेल तास कापतं, आणि ऑक्टोबर उजाडला तरी ते तास परत मिळालेले नव्हते. म्हणून सकाळी राजमा भरून एक मोठी तोर्तिया, म्हणजे पोळी, व्हायची, तिचे दोन तुकडे करून दोघांनी खायचे असं ठरलेलं होतं. दोघांचे वर्ग वेगळे. तुकडे झाले की नाही हे बघायला कुणी नव्हतं.

एन्सिनास सामानाच्या खोलीत गेल्या. खोक्यात, जिथून पाकिटं उचलली होती त्याच जागी, पिवळ्या चकत्यांच्या चार सारख्या चवड्या रचलेल्या होत्या. त्यांनी त्या तशाच लिंडक्विस्टच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

“तिने पैसे दिलेत, गॅरेट. तिच्या हिशेबाने ही खरेदी आहे.”

लिंडक्विस्ट वाईट माणूस नव्हते. सकाळी फाटकावर उभं राहून ते प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत, आणि नावं चुकत नसत. त्यांनी एक चकती उचलून पाहिली.

“विकायला नसलेली वस्तू विकत घेता येत नाही, इव्हेट. आणि दिवेही तसे शाळेचेच आहेत. हिला सोडलं तर उद्या दुसरा खोलीत शिरेल.”

“ती उपाशी आहे.”

“तसं असेल तर आईने आम्हाला सांगायला हवं होतं.”

रोसाउरा दीड वाजता आली. हॉटेलचा निळा अंगरखा तसाच अंगावर, हातांना धुलाईच्या पावडरचा वास. दोन बस बदलून आली होती आणि अर्ध्या दिवसाचा पगार गेला होता. ऑफिसात सगळ्यांसमोर ती मुलीवर ओरडली नाही. बाकाशी वाकून हळूच, दातांत शब्द धरून म्हणाली, “मोठ्या शाळेत घातलं तुला. काय दिवे लावलेस इथे?”

“वीस, आमा,” इत्झेल म्हणाली.

टेबलामागची कारकून बाई हसली आणि लगेच गप्प झाली. रोसाउराला ना हसू कळलं, ना उत्तर. एन्सिनासनी तिला बाजूला नेऊन स्पॅनिशमध्ये सगळं समजावलं: चकत्या, गाडी, खोली, संध्याकाळची बैठक.

“म्हणजे तिने मोबदला दिलाय,” रोसाउरा म्हणाली.

“हो.”

“मग चोरी कुठली?”

“सर म्हणतात, ती विकायला नव्हती.”

“आणि अर्धी तोर्तिया? ती खाते ना?”

“ते तुम्ही तिलाच विचारा, सेन्योरा.”

रोसाउराने विचारलं नाही. बाकावर बसून ती मुलीच्या स्वेटरची बाही सरळ करत राहिली. मग म्हणाली, “जिल्ह्याच्या सरकारी शाळेत होती तेव्हा जेवण मिळायचं. सगळ्यांना, न विचारता. पण चौथीत गेली तरी हिला आपलं नाव सोडून काही वाचता येत नव्हतं. वर्गात छत्तीस पोरं. इथे आली नि वर्षात वाचायला लागली. हॉटेलातून आलेली पत्रं आता तीच मला वाचून दाखवते. मिस, मी जेवण सोडून वाचन घेतलं. मला वाटलं, जेवणाचं काय, ते मी बघून घेईन.”

संध्याकाळी सहाला तिसरीच्या वर्गात बैठक भरली. मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसली होती. मंडळाचे पाच जण पुढच्या टेबलाशी. अध्यक्ष वेड प्रुइट, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीची कंपनी चालवणारे. आधी जेवणाचा विषय निघाला.

लिंडक्विस्टनी तो नीट मांडला. स्वयंपाकघर नाही, तेव्हा शिजवलेलं अन्न बाहेरून आणावं लागेल. त्यासाठी मोठा फ्रीज, वेगळं सिंक, आरोग्य खात्याची तपासणी, वाढायला एक माणूस. केंद्र सरकार ताटामागे पैसे देतं, पण ताट वाढून झाल्यावर. सुरुवातीचा खर्च शाळेचा. तो भागवायचा तर सकाळी कच्च्या मुलांना वाचन शिकवणाऱ्या बाईंची जागा सोडावी लागेल.

एन्सिनास मागच्या ओळीत रोसाउराशेजारी बसून हलक्या आवाजात भाषांतर करत होत्या. वाचनाच्या बाईंचं वाक्य आलं तेव्हा रोसाउराने मान वर केली. त्याच बाईंनी इत्झेलला वाचायला शिकवलं होतं.

पालकांमधून पहिला उठला तो ताता चेमा. वय सत्तरीच्या पुढे, बांधकामावर आयुष्य गेलेलं, दोन नातवंडं शाळेत. ताता म्हणजे आजोबा; खरं नाव कुणी वापरत नाही.

“बायको गेल्यापासून दोन्ही पोरांचे बुरो, राजमा भरलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, मीच करतो,” तो म्हणाला. “पहाटे उठून. कुणाच्या दारात ताट घेऊन उभा राहिलो नाही. तुम्ही म्हणाल फुकट. फुकट कधी एकटं येत नाही, त्याच्यामागून कागद येतो. घरात किती माणसं, कुठून आली, कोण किती कमावतं. माझ्या गल्लीत अर्ध्या लोकांना त्या कागदाची भीती वाटते. पोरं उपाशी ठेवतील पण तो भरणार नाहीत.”

“ताता, तुमच्या बुरोपायी तर माझा पोरगा घरी जेवत नाही,” टायरवाल्याची बायको ब्रेंडा मागून म्हणाली. “रोज तुमच्या नातवाकडून अर्धा हाणतो.”

“मग त्याला सांग, मिरचीच्या नावाने रडत जाऊ नकोस. सगळी गल्ली ऐकते.”

हसू झालं. ब्रेंडा उभी राहिली. “थट्टा पुरे. ताताचा बुरो किती जणांना पुरणार? जिल्ह्याच्या शाळेत कागद विचारत नाहीत. सगळ्यांना देतात, नाव नाही, गाव नाही. इथे का होत नाही?”

“जिल्ह्याच्या शाळेत मूल घालायला कुणी कुणाला अडवलेलं नाही,” प्रुइट म्हणाले. आवाज सौम्य होता. “इथे येणं ही प्रत्येकाची निवड आहे.”

ब्रेंडा बसली. तिच्या मुलाचा नंबर सोडतीत तिसऱ्या वर्षी लागला होता.

मग लिंडक्विस्टनी भिंतीवर एक आलेख दाखवला. एका बाजूला ज्यांच्या घरची मिळकत कमी आहे ती मुलं, दुसऱ्या बाजूला बाकीची. कमी मिळकतीच्या मुलांनी जास्त दिवे मिळवले होते, आणि फरक थोडाथोडका नव्हता. आकडे एन्सिनासनीच जमवले होते. ऑगस्ट-सप्टेंबरभर त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

“राज्यात इतरत्र याच्या उलट दिसतं,” लिंडक्विस्ट म्हणाले. “आपल्याकडे गरीब मुलं सर्वांत चांगली वागतात. ही या शाळेची खरी कमाई आहे.”

एन्सिनास उठल्या. भाषांतर अर्ध्यावर राहिलं.

“त्या आलेखाबद्दल मला बोलायचं आहे. तो मी केला, म्हणून चूक माझीच आहे. गाडीवर बिस्किटं होती. ज्यांच्या घरी जेवण असतं ती मुलं खोडरबर घेतात, किंवा काहीच घेत नाहीत, म्हणून त्यांना दिव्यांची फिकीर नाही. ज्यांना भूक असते ती हात जुळवून बसतात. ती चांगली वागत नाहीत. ती जेवण मिळवतात.”

टेबलाशी बसलेला मंडळाचा एक सदस्य, निवृत्त अभियंता, वहीतून मान वर करून म्हणाला, “हे तपासता येईल.”

“कसं?” प्रुइटनी विचारलं.

“बिस्किटं सोमवारपासून बंद आहेत. बाई म्हणतात ते खरं असेल, तर त्या मुलांचे दिवे आता कमी व्हायला हवेत. झाले, तर भूक हेच कारण. नाही झाले, तर पद्धतच चांगली. तिमाहीचे आकडे येऊ द्या, मग जेवणाचं ठरवू. उगाच अंदाजावर वाचनाच्या बाई कशाला काढायच्या?”

त्याच्या बोलण्यात कुणाविषयी राग नव्हता. विचार त्याला स्वच्छ वाटला होता, आणि टेबलाशी बसलेल्या बाकीच्यांनाही.

“तीन महिने?” एन्सिनास म्हणाल्या. “तीन महिने त्यांनी उपाशी बसायचं, आपल्याला आकडे मिळावेत म्हणून?”

“उपाशी आहेत की नाहीत, हेच तर कळायचं आहे,” अभियंता म्हणाला.

पाच विरुद्ध शून्य मतांनी विषय जानेवारीपर्यंत पुढे गेला. ताता चेमाने टोपी डोक्यावर घातली. जाताना रोसाउराच्या खुर्चीशी थांबून म्हणाला, “मुली, तुझी पोरगी कुठल्या वर्गात असते? माझ्या नातवाला सांगतो, अर्धा तिच्यासाठी.” रोसाउराने मान हलवली. ती हो होती की नको, ते त्याला कळलं नाही.

बाकीचे पालक गेल्यावर दार लावण्यात आलं. ही रीतसर सुनावणी नाही, घरच्यांशी नुसतं बोलणं आहे, असं प्रुइटनी आधीच सांगितलं. इत्झेल आईच्या एका बाजूला आणि झोपाळलेला आबेल दुसऱ्या बाजूला बसला. वीस चकत्या एका पाकिटात टेबलावर होत्या.

“आम्हाला कुणालाच या मुलीचं वाईट करायचं नाही,” प्रुइट म्हणाले. “नियमाप्रमाणे गेलो तर नोव्हेंबरमध्ये सुनावणी, मतदान, आणि तिच्या कागदावर चोरीचा शेरा. तो जाईल तिथे तिच्याबरोबर जाईल. त्याऐवजी आईने स्वेच्छेने नाव काढून घ्यावं. शेरा नाही, काही नाही. जिल्ह्याची शाळा तिला लगेच घेईल. आणि तिथे जेवणही मिळतं.”

एन्सिनासनी भाषांतर केलं. स्वेच्छा या शब्दाशी त्या अडखळल्या, मग तो जसाच्या तसा सांगितला.

“स्वेच्छा म्हणजे कुणाची इच्छा?” रोसाउराने विचारलं.

“तुमची,” एन्सिनास म्हणाल्या.

“माझी नाही.”

“काय म्हणतात त्या?” प्रुइटनी विचारलं.

“त्यांची इच्छा नाही, असं म्हणतात.”

“त्यांना सांगा, विचार करा. उद्या तीनपर्यंत ऑफिसात सही करून द्यावी. प्रकरण मिटेपर्यंत मुलीला वर्गात बसता येणार नाही.”

रोसाउरा उठली. टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, “आणि हे? बिस्किटं तुम्ही परत घेतलीत. मग हिचे दिवे हिला द्या.”

भाषांतर झाल्यावर टेबलाशी बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. लिंडक्विस्ट म्हणाले, प्रकरण मिटेपर्यंत ते पुरावा म्हणून ठेवावे लागतील.

बाहेर मोटारी लावायच्या जागेत अजून डांबराची धग होती. बस यायला वेळ होता. एन्सिनासनी तिघांना आपल्या गाडीतून घरी सोडायचं ठरवलं. वाटेत त्यांनी एका खिडकीशी थांबून चार बुरो घेतले. आबेलने आपला संपवला आणि झोपून गेला. इत्झेलने अर्धा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून मांडीवर ठेवला.

“खा ना,” एन्सिनास आरशात बघून म्हणाल्या.

“उद्यासाठी, मिस.”

“उद्या तू शाळेत नाहीस गं. घरीच आहेस.”

“आबेल आहे ना.”

रोसाउरा पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून मुलीकडे पाहिलं, मग परत रस्त्याकडे. उतरताना तिने एन्सिनासना विचारलं, “तुम्ही आज त्यांच्यासमोर बोललात. तुमच्या नोकरीला काही होणार नाही ना?”

“माझा करार मेपर्यंत आहे.”

“मग मेनंतर?”

“मेनंतर बघू, सेन्योरा.”

शुक्रवारी तीन वाजले, रोसाउरा ऑफिसात आली नाही. सोमवारी सकाळी फाटकावर तिने फक्त आबेलला सोडलं. लिंडक्विस्टनी त्याला नावाने हाक मारली. तो “गुड मॉर्निंग, सर” म्हणाला आणि आत गेला.

एन्सिनास फाटकापर्यंत आल्या. “इत्झेल?”

“घरी आहे. शेजारीण लक्ष ठेवते,” रोसाउरा म्हणाली. “जिल्ह्याच्या शाळेत जाऊन आले. ते म्हणाले, इकडून नाव काढल्याचा कागद आणा, नाहीतर इथलं प्रकरण मिटू द्या. कागद हवा तर सही करायची, आणि सही केली की माझ्याच इच्छेने गेली असं होणार. मिस, तिला काढायचं तर त्यांनी काढावं. मत देऊन, हात वर करून. माझ्या हाताने मी तिला काढणार नाही.”

“त्यात चोरीचा शेरा येईल.”

“मग त्यांनी ते लिहावं. तिने वीस दिवे ठेवले होते हेही लिहावं.”

“तोवर तिचं वाचन?”

“आहे ना. हॉटेलची पत्रं.” रोसाउराने हसायचा प्रयत्न केला. बस आली आणि ती गेली.

मंडळाची पुढची बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी आहे. तोपर्यंत इत्झेलला वर्गात बसता येत नाही, आणि दुसऱ्या शाळेत तिचं नाव घालता येत नाही. तिचा बाक वर्गात आहे तिथेच आहे. ताता चेमाच्या नातवाने पहिले दोन दिवस अर्धा बुरो त्याच्यावर आणून ठेवला. नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या बाकावर खाणं ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा एक दिवा गेला, तिसऱ्या दिवशी त्याने ठेवला नाही.

आबेलला पहिलीत आल्यापासून एकही दिवा टिकवता आला नव्हता. तो चुळबुळ करतो, मध्येच बोलतो. त्या आठवड्यात मंगळवारी त्याने हात जुळवले, पाठ ताठ केली आणि तास संपेपर्यंत तसाच बसला. त्याच्या शिक्षिकेने त्याला दिवा दिला आणि वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. साडेदहाला गाडी आली. त्याने ती वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत पाहिली.

“काय हवं, आबेल? खोडरबर?”

“बिस्किटं केव्हा येणार?”

“बिस्किटं आता नसतात, राजा.”

“ताई म्हणाली, आधी जमवून ठेव,” आबेल म्हणाला आणि चकती खिशात घातली.

शुक्रवारी एन्सिनासनी बिस्किटं बंद झाल्यापासूनच्या दोन आठवड्यांचे आकडे काढून लिंडक्विस्टकडे दिले, तसं त्यांना सांगण्यात आलं होतं. कमी मिळकतीच्या घरच्या मुलांचे दिवे कमी झालेले नाहीत. पहिलीच्या वर्गात ते थोडे वाढले आहेत.